एक दिवा गेला की गाडीची बाईक होते : हेडलाईटचा बल्ब घरी कसा बदलायचा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे', 'अं' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. गाडीपाशी उभं राहून वाचायचं असेल तर थेट '१०:१५' पासून सुरू करा.)

००:०० सुरुवात

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, बल्ब बदलायला काय भाग करायचा? पण मीही एकेकाळी हेच म्हणालो होतो. 'बल्बच तर आहे, वीकेंडला बघू.' हे वाक्य मला किती महागात पडलं असतं, ते आधी सांगतो. मग हातात बल्ब घेऊ.

माझी गाडी म्हणजे एक जुनी छोटी हॅचबॅक. एका सोमवारी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी लावताना समोरच्या भिंतीवर बघितलं, तर प्रकाशाचा एकच गोळा. उजवा दिवा बंद. आमच्या कामात एखादा बग सापडला की आपण तो यादीत टाकतो, नंबर देतो आणि विसरतो. मी तेच केलं. छोट्या गाडीत बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर बहुतेक वेळा येत नाही, त्यामुळे आठवण करून देणारंही कोणी नव्हतं. शहरात रस्त्यावर दिवे असतात, गाडी दिसते, चालून जातं.

त्याच रविवारी बाबांना घेऊन पाचगणीला गेलो होतो. परतताना उशीर झाला आणि पसरणी घाट अंधारात उतरायला लागलो. एका वळणानंतर समोरून एक टेम्पो चढत होता आणि त्याच्या मागून एक पिकअप ओव्हरटेकला बाहेर आली. थेट माझ्या लेनमध्ये. मी ब्रेकवर उभा राहिलो, त्यानेही दाबला. दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम एक हात जागा उरली.

पिकअपचा ड्रायव्हर खाली उतरला. मला वाटलं आता भांडण. तर त्याचाच आवाज थरथरत होता. म्हणाला, "अहो दादा, मला वाटलं बाईक आहे. कडेकडेनं चाललीय, निघेल म्हटलं."

पुढे वाईपर्यंत मी एका एसटीच्या मागे मागे आलो. बाबा एक शब्द बोलले नाहीत. वाईत चहाला थांबलो, तेव्हा कप खाली ठेवत एवढंच म्हणाले, "आठवडाभर माहीत होतं ना तुला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा भाग त्या प्रश्नामुळे आहे.

०२:५० उजवा दिवा जास्त महत्त्वाचा का?

हेडलाईट आपल्याला रस्ता दिसावा म्हणून असतो, असं आपण धरून चालतो. अर्धंच खरं आहे. समोरच्याला आपण *किती रुंद आहोत* हे कळावं, यासाठीही तो असतो. अंधारात समोरच्याला गाडी दिसत नाही, दोन ठिपके दिसतात. दोन ठिपके म्हणजे चारचाकी, एक ठिपका म्हणजे दुचाकी. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू असेपर्यंत कायम चालू असतो, तसा नियमच आहे. त्यामुळे एकटा दिवा दिसला की 'बाईक' हे उत्तर आपल्या डोक्यात आणखी पक्कं झालंय.

आता आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणजे आपला उजवा दिवा रस्त्याच्या मधल्या रेषेजवळ, आणि डावा दिवा कडेला. डावा गेला, तर समोरच्याला निदान आपली मधल्या बाजूची कड दिसते. उजवा गेला, तर त्याला दिसतो फक्त कडेचा ठिपका. त्या ठिपक्याच्या आणि त्याच्या गाडीच्या मध्ये त्याला मोकळा रस्ता दिसतो, आणि त्या मोकळ्या रस्त्यात मीटरभराहून जास्त रुंदीची आपली गाडी असते. ड्रायव्हर सीट, म्हणजे आपण, त्याच बाजूला.

पिकअपवाल्याचं काही चुकलं नव्हतं असं नाही, वळणावर ओव्हरटेक करायचाच नसतो. पण त्याला चुकीची माहिती मी दिली होती.

०५:०५ बल्बच्या आत काय असतं?

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या हॅचबॅकमध्ये एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यावर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. दोन आकडे, कारण आत दोन फिलामेंट असतात. ५५ वॅटची डिप्परची, ६० वॅटची अप्परची. मागे तीन पिना : एक डिप्पर, एक अप्पर, एक दोघांचं सामायिक अर्थिंग.

डिप्परच्या फिलामेंटखाली धातूचा एक इवलासा कप असतो. तो खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवतो. त्यामुळे प्रकाश फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परत फिरून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. अप्परच्या फिलामेंटखाली कप नाही, म्हणून तो पूर्ण रिफ्लेक्टर वापरतो आणि लांब जातो. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर, नुसता एक पत्र्याचा तुकडा योग्य जागी ठेवलाय.

आता हॅलोजन म्हणजे काय? फिलामेंट टंगस्टनची असते. ती इतकी तापते की टंगस्टनची हळूहळू वाफ होते. जुन्या बल्बमध्ये ही वाफ काचेवर बसून काच काळी व्हायची. हॅलोजन बल्बच्या आत ब्रोमीन किंवा आयोडीनसारखा वायू अगदी थोडा असतो. तो काचेजवळ टंगस्टनला पकडतो आणि परत फिलामेंटकडे आणून सोडतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या एल्मर फ्रिड्रिच आणि एमेट वायली यांना या दिव्याचं पेटंट १९५९ मध्ये मिळालं.

पण या चक्रासाठी काच सतत तापलेली लागते, साधारण २५० अंश सेल्सियसच्या वर. म्हणून हा बल्ब एवढा छोटा असतो आणि काच क्वार्ट्झची किंवा तशाच कडक जातीची असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे 'काचेला हात लावू नका' म्हणेन तेव्हा त्याचं कारण इथे आहे.

मग बल्ब जातो कसा? परत आलेलं टंगस्टन जिथून उडालं नेमकं तिथेच बसत नाही. एखादी जागा बारीक होत जाते. शिवाय थंड फिलामेंटचा रोध गरम फिलामेंटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे दिवा लावताना पहिल्या क्षणी करंटचा लोंढा येतो. म्हणूनच बल्ब बहुतेकदा लावतानाच 'टप्' करून जातो. आणि डिप्पर जास्त वापरतो, म्हणून आधी तीच फिलामेंट जाते.

०८:१० खरंच बल्बच गेलाय का?

नवा बल्ब आणण्याआधी एवढं करा. आमच्या भाषेत डीबगिंग.

पहिलं : त्याच बाजूचा अप्पर लागतो का बघा. डिप्पर बंद आणि अप्पर चालू असेल, तर वायरिंग आणि अर्थिंग बहुतेक ठीक आहे, डिप्परची फिलामेंट तुटलीय.

दुसरं : दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील, तर दोन बल्ब एकाच क्षणी जाण्यापेक्षा फ्यूज, रिले किंवा स्विचची शक्यता जास्त. फ्यूज कुठला हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. बदलायचा झाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकून काम भागवू नका.

तिसरं, माझं आवडतं : डावा आणि उजवा बल्ब अदलाबदल करा. बंद दिवा बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर बल्ब खराब. दिवा जिथल्या तिथे बंद राहिला, तर दोष वायरिंगचा किंवा होल्डरचा.

या अदलाबदलीचा आणखी एक उपयोग आहे. रात्री रस्त्यात उजवा दिवा गेला आणि दुकान बंद असेल, तर पेट्रोलपंपासारख्या उजेडाच्या जागी थांबा, बल्ब थंड होऊ द्या आणि डावीकडचा चांगला बल्ब उजवीकडे बसवा. गाडी एकडोळीच राहील, पण तो डोळा योग्य बाजूला असेल. मग सावकाश घरी या. त्या रात्री पाचगणीत मला एवढं येत असतं, तर तो पिकअपवाला आणि मी एकमेकांना कधी भेटलोच नसतो.

आणि एक. डिप्पर गेला म्हणून अप्परवर गाडी हाणू नका. समोरच्याला आंधळं करून आपण सुरक्षित होत नाही.

१०:१५ चला, बॉनेट उघडा

साहित्य : नवा बल्ब, स्वच्छ टिश्यू किंवा धुतलेले सुती हातमोजे, मोबाईलचा टॉर्च. माझ्या गाडीत पान्हा-स्क्रूड्रायव्हर काहीच लागलं नाही. काही गाड्यांत बॅटरी, एअर फिल्टरचा डबा किंवा वायपरच्या पाण्याची टाकी आड येते, तिथे आधी मॅन्युअल बघा.

१. इंजिन बंद, दिवे बंद, चावी काढून खिशात. आत्ताच गाडी चालवून आला असाल तर पंधरा मिनिटं थांबा. काच किती तापते ते वर सांगितलंच.

२. हेडलाईटच्या मागच्या बाजूला तीन पिनांचा कनेक्टर दिसेल. तो धरून सरळ मागे ओढा. घट्ट असेल तर डावी-उजवीकडे हलकं हलवत ओढा. वायरी धरून ओढू नका.

३. कनेक्टर निघाला की आत टॉर्च मारा. प्लास्टिक तपकिरी झालंय, वितळलंय किंवा पिनांवर हिरवट थर आहे का? असेल तर नवा बल्बही लवकर जाईल किंवा मंद लागेल. हे फार कुणी सांगत नाही, पण बल्बपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज १० टक्के कमी झाला, तर प्रकाश जवळपास ३० टक्के कमी होतो. अशा वेळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून होल्डर बदलून घ्या. होल्डर वितळला असेल तर हे घरचं काम नाही.

४. मागची रबरी टोपी तिच्या कानांना धरून काढा. काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो. पुढे स्प्रिंगच्या क्लिपचाही एक. परत लावताना आपली स्मरणशक्ती दगा देते, फोटो देत नाही.

५. बल्बला एका तारेच्या क्लिपने दाबून धरलेलं असतं. तिची टोकं आत दाबून बाजूला सरकवली की ती सुटते आणि बिजागरीसारखी उघडते. जुना बल्ब सरळ मागे काढा.

६. नवा बल्ब धातूच्या बुडाला धरून घ्या. काचेला बोट लावायचं नाही. आपल्या बोटांना तेलकटपणा असतोच. तो काचेवर राहिला की गरम झाल्यावर ती जागा बाकीच्या काचेपेक्षा वेगळी तापते, काच तिथे कमकुवत होते आणि बल्ब अकाली जातो, कधी फुटतोसुद्धा. चुकून हात लागलाच तर घाबरू नका. स्वच्छ कपड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

७. एच-४ च्या बुडाला तीन कान असतात आणि ते सारखे नसतात. त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने नीट बसतो. जोर लावावा लागत असेल तर बल्ब चुकीचा धरलाय. फिरवून बघा, अलगद बसतो.

८. क्लिप परत लावा, रबरी टोपी चारही बाजूंनी दाबून बसवा, कनेक्टर शेवटपर्यंत आत ढकला. टोपीवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वर. टोपी एका कडेने उघडी राहिली तर पावसाळ्यात हेडलाईटच्या आत धुकं साचतं.

१३:३० माझी चूक, वॉचमनकाकांची नजर

पहिल्यांदा केलं तेव्हा मला हे पंचवीस मिनिटांत जमलं. दिवा लागला. मी खूश. गाडी सोसायटीच्या गेटमधून बाहेर काढताना वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, एक लाईट झाडावर चाललीय."

खरंच, उजव्या दिव्याचा प्रकाश समोरच्या गुलमोहरावर. क्लिपचं एक टोक अडकलंच नव्हतं, बल्ब तिरका बसला होता. तो पत्र्याचा कप आठवतोय? बल्ब तिरका म्हणजे कप तिरका, आणि प्रकाश भलतीकडे.

म्हणून शेवटची पायरी भिंतीसमोर करायची. सपाट जागेवर, भिंतीपासून चार-पाच मीटरवर गाडी उभी करा आणि डिप्पर लावा. दोन्ही दिव्यांच्या प्रकाशाची वरची कड एकाच उंचीवर हवी. उजवीकडे ती कड आडवी असते, डावीकडे थोडी वर चढते. तसं मुद्दाम केलेलं असतं, कारण डावीकडची कड, चालणारी माणसं, पाट्या दिसायला हव्यात आणि समोरून येणारा उजवीकडे असतो. एक बाजू वर-खाली दिसली तर आधी क्लिप तपासा, लगेच हेडलाईटचे स्क्रू फिरवायला जाऊ नका. डॅशबोर्डवर हेडलाईट खाली-वर करायचं छोटं चक्र असेल, तर एकटे असताना शून्यावर, मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर मॅन्युअलप्रमाणे पुढचा आकडा.

१५:२० दुकानात काय मागायचं?

मी बल्ब आणायला नाना पेठेत गेलो होतो. दुकानदाराने आधी गाडी विचारली, मग विचारलं, "साधा देऊ, की शंभर-नव्वद? की एलईडी? दिवसासारखा उजेड पडतो बघा."

मोह होतो, खरं सांगतो. पण हिशेब करा. ५५ वॅटला १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर करंट लागतो. ९० वॅटला साडेसात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत आणि त्याच होल्डरमध्ये अडीचपटीहून जास्त उष्णता. वितळलेले होल्डर कुठून येतात, त्याचं एक उत्तर हे.

एलईडीचं वेगळं. कंपनीतूनच एलईडी हेडलाईट आलेली गाडी ठीक, तिचा रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या दिव्यासाठीच बनवलेली असते. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी खोचला, तर प्रकाश नेमका त्या फिलामेंटच्या जागेवरून निघेलच असं नाही. आपल्याला भिंत पांढरीशुभ्र दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत सुया जातात. माझा प्रश्न 'समोरच्याला मी नीट दिसत नाही' हा होता. त्याला इतकं दिपवायचं की त्याला काहीच दिसू नये, हे त्याचं उत्तर नाही.

तेव्हा मागायचं ते एवढंच : चांगल्या कंपनीचा, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट एच-४, बुडावर गोलात 'ई' आणि आकडा ही मान्यतेची खूण असलेला. तुमच्या गाडीत एच-७, एच-११ असं काही वेगळं असू शकतं, म्हणून जुना बल्ब सोबत न्या किंवा मॅन्युअलचा फोटो. मला दोन बल्ब मिळून एका पिझ्झापेक्षा कमी पैसे लागले.

दोन का? कारण दोघांचं वय सारखं. एक गेला की दुसऱ्याची पाळी फार लांब नसते, आणि नवा-जुना शेजारी असला की प्रकाशही वेगळा दिसतो. दोन्ही नवे बसवा आणि जो जुना अजून चालू आहे, तो नव्याच्या खोक्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. घाटात उपयोगी पडेल.

१७:४० जाता जाता

आजचा गृहपाठ एका मिनिटाचा आहे. आज रात्री गाडी लावाल तेव्हा समोरच्या भिंतीवर बघा. डिप्पर, मग अप्पर. भिंत नसेल तर एखाद्या दुकानाच्या काचेत, किंवा सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत बघा. प्रकाशाचे गोळे दोन आहेत ना? मागचे दिवे आणि ब्रेक लाईट बघायला घरातल्या कुणाला तरी हाक मारा.

आता बाबा माझ्याकडे आले की गाडीत बसण्याआधी समोर जाऊन उभे राहतात. हात मागे बांधलेले. "हं, लाव. डिप्पर. अप्पर. डावा. उजवा." पासिंगचा इन्स्पेक्टर असल्यासारखं. दोन्ही लागले की काही न बोलता दार उघडून आत बसतात. मी आधी हसायचो. आता त्यांनी विचारायच्या आत दिवे लावतो.

तुमच्याही यादीत 'वीकेंडला बघू' म्हणून पडलेलं गाडीचं एखादं काम असेल, तर ते कोणतं आहे मला नक्की कळवा. आणि कळवण्याआधी ते करून टाका. भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!